अक्षर वाईट नाही, निबेचा काप चुकीचा आहे

उन्हाळ्याची सुट्टी लागली की विठ्ठलवाडीपासून बदलापूरपर्यंत एक पीक हमखास उगवतं. विजेच्या खांबांवर, रिक्षांच्या पाठीवर, स्टेशनबाहेरच्या भिंतींवर फलक लागतात. अमुक दिवसांत सुंदर हस्ताक्षर. मोत्यासारखं अक्षर. सोबत कॅलिग्राफी पेन मोफत. उल्हासनगरचा कॅम्प असो, अंबरनाथ असो की बदलापूर, फलकावरचा मजकूर एकच. फी भरून मूल जातं आणि रुंद, चौकोनी टोकाचं एक पेन घेऊन परत येतं. त्या टोकाला आता सगळे ‘कॅलिग्राफी निब’ म्हणतात.

मी उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवतो. त्यामुळे एकाच मुलाच्या दोन वह्या माझ्यासमोर येतात. एक उजवीकडून उघडणारी, दुसरी डावीकडून. माझी तक्रार सरळ आहे. मोफत म्हणून हातात दिलेली ही निब या दोन्हींपैकी एकाही लिपीसाठी बनलेली नाही. विकणारा ते सांगत नाही, शिकवणाऱ्याला ते ठाऊक नसतं. आणि अक्षर जमलं नाही की दोषी ठरतं मूल. वहीवर लाल शाईने शेरा पडतो : ‘अक्षर सुधारा.’ कशाने सुधारू, हे त्या शेऱ्यात लिहिलेलं नसतं.

आधी वस्तू समजून घेऊ. साध्या फाउंटन पेनाच्या निबेच्या टोकाला कठीण धातूचा बारीक गोल मणी असतो. तो कुठल्याही दिशेने ओढला तरी रेघ जवळपास सारख्याच जाडीची येते. बॉलपेनाचंही तसंच. इटॅलिक निबेला असा गोल मणी नसतो. तिचं टोक पटाशीसारखं सपाट कापलेलं असतं आणि कोपरे धारदार असतात. एका दिशेने ओढली की पूर्ण रुंदीची जाड रेघ, धारेच्या दिशेने सरकवली की केसासारखी बारीक. स्टब निब हिचीच मवाळ बहीण. तीही रुंद असते, पण कोपरे घासून गोल केलेले असतात. म्हणून ती कागदात रुतत नाही, भरभर लिहिता येतं, मात्र जाड-बारीक फरक थोडा कमी दिसतो. बाजारात लॅमीच्या अशा निबा १.१, १.५ आणि १.९ मिलिमीटर रुंदीच्या मिळतात. पायलटचं पॅरलल पेन १.५ पासून ६ मिलिमीटरपर्यंत जातं. दोन्ही उत्तम वस्तू आहेत. माझं भांडण त्यांच्याशी नाही.

इटॅलिक या नावातच तिचं गाव आहे. पंधराव्या शतकातल्या इटलीत विद्वानांनी आणि दरबारी लेखनिकांनी जे तिरकं, वेगवान वळण घडवलं, त्याचं हे नाव. त्या वळणाचा कित्ता अर्रिघी या लेखनिकाने १५२२ साली रोममध्ये छापला. पुढे छापखान्यांच्या आणि टोकदार निबांच्या काळात रुंद टोकाची कला मागे पडली. इंग्लंडमध्ये एडवर्ड जॉन्स्टनने जुनी हस्तलिखितं तपासून ती परत उभी केली. त्याचं पुस्तक १९०६ चं. आज जगभर ‘कॅलिग्राफी’ म्हणून जे पेन विकलं जातं, ते याच परंपरेतून आलेलं आहे. ते रोमन अक्षरासाठी आहे. त्यात वाईट काही नाही. आंबा कापायची सुरी मासे कापायला दिली, तर सुरी वाईट ठरत नाही. देणाऱ्याला मात्र जाब विचारावा लागतो.

आता मुद्द्याचं. दोन पेन्सिली रबराने शेजारी शेजारी बांधा. दोन टोकं म्हणजे रुंद निबेचे दोन कोपरे. उजव्या हाताने नेहमीसारखं धरून एक गोल काढा. दोन्ही रेघांमधलं अंतर जिथे जास्त, तिथे शाईची रेघ जाड आली असती. हा गोल वर उजवीकडे आणि खाली डावीकडे जाड होतो. म्हणजे डावीकडून वरून उजवीकडे खाली उतरणारी तिरकी रेघ जाड, आणि तिच्या उलट दिशेची बारीक. इंग्रजी ‘ओ’ असाच लिहिला जातो. आता एखादा जुना, चांगला छापलेला मराठी ग्रंथ घ्या. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचा मिळाला तर फारच उत्तम. त्याचे खिळे राणोजी रावजी आरू यांनी कोरले होते. त्यातला ‘व’ किंवा ‘ठ’ पाहा. गोलाचा जाड भाग उलट बाजूला आहे : वर डावीकडे आणि खाली उजवीकडे. देवनागरीत उजवीकडून वरून डावीकडे खाली उतरणारी रेघ जाड असते. रोमनच्या बरोबर विरुद्ध.

हा कोणाच्या आवडीनिवडीचा प्रश्न नाही. शतकानुशतकं बोरू तिरका कापून, विशिष्ट कोनात धरून लिहिलं गेलं, त्यातून हे जाड-बारीक ठरलं. छापखान्याने तेच उचललं, आणि आपला डोळा त्याच वळणावर पोसला गेला.

उर्दूची गोष्ट तिसरीच. नस्तालीक वळण चौदाव्या शतकाच्या अखेरीस इराणात आकाराला आलं. त्याचं श्रेय परंपरेने मीर अली तबरीझी यांना दिलं जातं. त्यात आडवा फराटा भरदार असतो आणि उभा अलिफ त्याहून सडपातळ. ‘बे’ची होडी पाहा, पोट जाड, टोकं निमुळती. यासाठी कलमाच्या टोकाला तिरका छेद देतात. कलम पाठीवरून पाहिलं तर उजवं टोक किंचित पुढे असतं. या छेदाला कातिब ‘कत’ म्हणतात. आणि मोजमाप काय? त्याच कलमाने टेकवलेला एक नुक्ता. अलिफ इतक्या नुक्त्यांचा, ‘बे’ इतक्या नुक्त्यांची. फूटपट्टी नाही, पेनाची रुंदी हीच पट्टी. अक्षर नुक्त्याने मोजायची ही पद्धत दहाव्या शतकातल्या बगदादच्या इब्न मुक्लाच्या नावाने सांगितली जाते.

म्हणजे तीन लिपी, तीन धारा. रोमनला चालणारी सरळ कापाची निब देवनागरीत उलट जाड-बारीक देते, आणि उर्दूत अलिफ व आडवा फराटा दोन्ही सारखेच ठोकळे करून ठेवते. मुलाला ते पटत नाही, कारण त्याने पुस्तकात पाहिलेलं अक्षर तसं नसतं. मग ते मनगट मुरडतं, वही आडवी करतं, कोपर हवेत उचलतं. निबेचा एक कोपरा कागद खरवडतो, दुसरा टेकतच नाही, शाई तुटते. क्लासवाला म्हणतो, सराव कमी आहे. आई म्हणते, लक्ष नाही. मुलगा म्हणतो, मला येतच नाही. तिघेही चुकीच्या जागी बोट ठेवतात.

यात एक मजेशीर गोष्ट आहे, जी मला वर्गातच दिसली. डावखुरं मूल ओळीच्या खालून हात ठेवून लिहीत असेल, तर सरळ कापाची निब त्याच्या हातात आपोआप उलट कोनात टेकते. म्हणजे देवनागरीला जे जाड-बारीक हवं असतं ते त्याला फुकट मिळतं. ज्या मुलाला आपल्याकडे अजूनही ‘उजव्या हाताने लिही’ म्हणून दटावलं जातं, त्याच्याच हातात ही निब मराठीसाठी शोभते. इतकं साधं निरीक्षण आपल्या हस्ताक्षर-उद्योगाला करता आलेलं नाही.

रुंदीचाही हिशेब करू. शाळेच्या एकेरी वहीत दोन ओळींमध्ये साधारण ८ मिलिमीटर जागा असते. इंग्रजीत ती जागा ऐसपैस आहे. देवनागरीला त्याच जागेत वर वेलांटी, मात्रा आणि रफार, खाली उकार बसवायचे असतात. मधल्या अक्षराला उरतात जेमतेम ४ मिलिमीटर. तिथे १.१ची निब चालवली तर अक्षराची उंची निबेच्या रुंदीच्या चौपटही होत नाही. ‘ळ’ची भोकं बुजतात, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांचा चिखल होतो. १.९ची तर बातच सोडा. वहीत लिहायला ०.६ ते ०.८च्या आसपासची, कोपरे मवाळ केलेली आणि तिरक्या कापाची निब हवी. मोठी रुंदी पाटीवर, तक्त्यावर, शुभेच्छापत्रावर शोभते. मोफत पेन वाटणाऱ्यांनी एकदा वही समोर ठेवून ही वजाबाकी केली असती, तरी पुरलं असतं.

इथे कोणी म्हणेल, सर, तुम्ही उर्दूवाले, तुम्हाला मराठीच्या बोरूची एवढी काळजी का? हा प्रश्न मला अनेक वर्षं वेगवेगळ्या शब्दांत विचारला जातो. म्हणून जरा सविस्तर उत्तर देतो.

मराठी माणूस लिहायला बसतो तेव्हा त्याच्या समोर काय असतं? कागद, कलम, दौत, शाई. कागद फारसीतून आला. कलम आणि दौत अरबी. शाई म्हणजे फारसी ‘सियाही’. लिहून झाल्यावर तो करतो ती सही, तीही अरबी. कागद ठेवतो ते दफ्तर. चिटणीस आणि फडणीस या आडनावांतला ‘नीस’ म्हणजे फारसी ‘नवीस’, लिहिणारा. बोरू तेवढा आपल्या मातीतला. आदिलशाही-निजामशाहीतली द्वैभाषिक कागदपत्रं पाहा. वर फारसी मजकूर, खाली मोडीत मराठी. एकाच कागदावर एक हात उजवीकडून आला, दुसरा डावीकडून. फारसीच्या घाईच्या वळणाला ‘शिकस्ता’ म्हणतात, म्हणजे मोडलेलं. आपल्या घाईच्या लिपीचं नाव मोडी. दोन्हीकडच्या लेखनिकांना एकच अडचण होती, काम फार आणि वेळ थोडा. दोघांनीही अक्षर मोडून वाट काढली.

छपाईतही तेच. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत मराठी पंचांग छापलं ते शिळाछापावर. म्हणजे कोणीतरी हाताने लिहिलं आणि ते दगडावरून उमटलं. मराठी पुढे खिळ्यांकडे गेली. नस्तालीक खिळ्यांत नीट बसेना, म्हणून उर्दू शिळाछापाला आणि कातिबाच्या हाताला धरून राहिली. मुंबईची उर्दू वर्तमानपत्रं कित्येक दशकं कातिबांनी ओळ न् ओळ हाताने लिहून काढली. ही माणसं रोज संध्याकाळी कलमाला नवा कत देऊन बसत. ती गेली, आणि त्यांच्याबरोबर कत देण्याची विद्याही गेली. शाळांनी ती उचलून ठेवली नाही.

लिपीला धर्म चिकटवणाऱ्यांनी एकदा उल्हासनगरात यावं. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित उतरले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते या नगराचा पाया घातला गेला. ते हिंदू होते, आणि त्यांच्यातले शिकलेले लोक सिंधी लिहीत ती अरबी वळणाच्या, ५२ अक्षरांच्या लिपीत. उजवीकडून डावीकडे. १९६७ साली सिंधी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. आजही इथल्या एखाद्या वयस्क सिंधी आजोबांना जुनं पत्र दाखवा, ते झरझर वाचतील. नातवाला त्यातलं अक्षर लागत नाही. म्हणजे ज्या लिपीला बाहेर ‘मुसलमानी’ म्हणतात, ती माझ्या शेजारच्या दुकानदाराच्या घरात त्याच्या आजोबांची लिपी आहे. आणि मी, शाळेत ‘देवनागरीतून’ शिकवणारा, मुसलमान आहे. कलमाला यात काही अडचण दिसत नाही. ती आपल्यालाच दिसते.

पुढचं स्टेशन अंबरनाथ. तिथल्या शिवमंदिरावर शके ९८२चा, म्हणजे इ.स. १०६०चा नागरी शिलालेख आहे. शाळेची सहल तिथे जाते. मुलांना शिल्पं दाखवतात, फोटो काढतात, डबा खातात आणि परततात. दगडावरचं हे अक्षर आजच्या आपल्या अक्षराचं पूर्वज आहे, त्यातलं कुठलं आपल्याला ओळखू येतं, एवढं विचारलं तरी एक तास भरेल.

आता दोन्ही बाजूंच्या अभिमान्यांना एकेक प्रश्न.

मराठीच्या अभिमान्यांना : ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. वेगवेगळ्या देशांतले बोरू आणावेत, ओळी सारख्या राखाव्यात, पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सगळं एकाच टाकाने लिहिल्यासारखं वाटावं, असा तो व्यवहारी उपदेश आहे. तो ब्राह्मणाला उद्देशून आहे. त्या काळात अक्षर कोणाच्या हाती होतं, हेही त्यातून कळतं. आता शाळा सगळ्यांची झाली. पण बोरूची विद्या सगळ्यांपर्यंत आली का? तर नाही. अक्षर वाटलं, अवजार वाटलं नाही. २००९ साली शासनाने निर्णय काढून देठयुक्त ‘श’ आणि पाकळीयुक्त ‘ल’ हे प्रमाण ठरवलं. चांगलं केलं. पण ती पाकळी आणि तो देठ कशाने काढायचा, यावर एक ओळ नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, मिरवणुका निघाल्या. दुकानांच्या मराठी पाट्यांसाठी कायदा झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. आणि पाट्या लागल्या त्या कशा? संगणकावरचा एखादा फॉन्ट आडवा ताणून फ्लेक्सवर छापलेला. शिरोरेघ बारीक, काना जाड, वेलांटी तुटलेली. चपट्या ब्रशने एका दमात ‘स्वस्त धान्य दुकान’ रंगवणारा पेंटर या अभिमानात कुठेच बसला नाही.

माझ्या उर्दूवाल्या बांधवांना : कुरआनात ‘अल-कलम’ नावाची सूरा आहे, हे आपण प्रत्येक शैक्षणिक जलशात सांगतो. टाळ्याही मिळतात. त्याच जलशात बक्षीस म्हणून मुलांना काय देतो? बॉलपेनांचा जोड. खुशखतीची स्पर्धा ठेवतो आणि मुलं ती बॉलपेनाने लिहितात. उर्दू शाळेच्या कपाटात कत दिलेलं एक कलम सापडणार नसेल, तर त्या टाळ्या परत केलेल्या बऱ्या.

आता नेहमीचे आक्षेप.

पहिला : आता हाताने लिहितंच कोण? सगळं मोबाइलवर आहे. मोबाइलवर मराठी दिसते ती कोणाच्या हातातून गेली? विंडोजमधला ‘मंगल’ हा फॉन्ट र. कृ. जोशींचा. ते आधी सुलेखनकार होते, मग फॉन्टकार. उर्दूत ‘नूरी नस्तालीक’ १९८१ साली आलं. मिर्झा अहमद जमील यांनी त्यासाठी हजारो जोडाक्षरं लिहून काढली, तेव्हा यंत्राला उर्दू लिहिता आली. यंत्र कातिबाला बेकार करून गेलं हे खरं. पण ते शिकलं कातिबाकडूनच. उद्याचे मराठी-उर्दू फॉन्ट कोणी करायचे? ज्यांना धार म्हणजे काय हेच ठाऊक नाही, त्यांनी? आणि दहावीची उत्तरपत्रिका अजून हातानेच लिहिली जाते. तपासणारा माणूसच असतो. माझ्या विद्यार्थ्यांच्या भवितव्याचा तो एक भाग मोबाइलवर गेलेला नाही.

दुसरा : अक्षर वाचता आलं म्हणजे झालं, सौंदर्याचे चोचले कशाला? हे मला अर्धं मान्य आहे. परीक्षेत अक्षर सुंदर नको, स्पष्ट हवं. पण स्पष्टपणाचं मूळ कशात आहे? अक्षर कुठून सुरू होतं, कुठे वळतं, कुठे थांबतं, हे हाताला कळण्यात. एकसारख्या रेघेचं बॉलपेन या प्रश्नांची उत्तरं लपवतं. तिरक्या कापाचा बोरू ती उघडी करतो. रेघ उलट्या दिशेने ओढली की जाडी लगेच चुकते आणि मुलाला स्वतःलाच दिसतं, शिक्षकाने सांगावं लागत नाही. महिनाभर बोरूने लिहिलेलं मूल पुन्हा बॉलपेनाकडे गेलं, तरी वळण त्याच्या हातात राहतं. मी बोरू कायमचा वापरा असं म्हणतच नाही. सायकल शिकताना मागून धरतात ना, तेवढंच त्याचं काम.

तिसरा आणि सर्वांत लाडका : आपल्या मुलांना परवडणार नाही. हा आक्षेप घेणारे बहुधा स्वतः महागडं पेन खिशाला लावलेले असतात. एका परदेशी कॅलिग्राफी पेनाच्या पैशात बांबूची किती कांडी येतील, याचा हिशेब त्यांनी करावा. बांबूची बोटभर जाडीची कामटी घ्या, टोक चाकूने उतरतं करा, मधोमध बारीक चीर द्या आणि शेवटचा काप एकाच दाबात तिरका द्या. कापणं मोठ्यांनी करायचं, लिहिणं मुलांनी. काप कोणत्या बाजूला द्यायचा हे पाठ करायची गरज नाही. दोन बोरू उलटसुलट तिरके कापा आणि दोन्हींनी लिहून पाहा. मनगट न मुरडता ज्याने उजवीकडून डावीकडे उतरणारी तिरकी रेघ सर्वांत जाड येते, तो मराठीचा. ज्याने आडवा फराटा भरदार आणि अलिफ सडपातळ येतो, तो उर्दूचा. मुलं हा शोध अर्ध्या तासात लावतात. बांबू नसेल तर आइस्क्रीमची काडी तिरकी कापा. तीही नसेल तर खडूचा छोटा तुकडा मोडा आणि टोकाने न लिहिता कडेने लिहा. फळ्यावर जाड-बारीक हजर. फाउंटन पेनच हवं असेल तर स्वस्तातल्या स्टीलच्या निबेचा मणी काढून टोक बारीक पॉलिश पेपरवर तिरकं घासता येतं. कोपरे शेवटी हलकेच मवाळ करायचे, नाहीतर कागद फाटतो. मणी नसल्याने ती काही महिन्यांत झिजेल. झिजू द्या, पुन्हा घासा. एवढ्याने कुठल्याही घरावर कर्ज होत नाही.

खरी गरिबी पैशांची नाही, शिकवणाऱ्यांच्या माहितीची आहे. बी.एड.ला आम्हाला सूक्ष्म अध्यापनात ‘फलकलेखन कौशल्य’ होतं. ओळ सरळ हवी, अक्षर मागच्या बाकावरून दिसायला हवं, फळ्याकडे पाठ फार वेळ नको. निरीक्षणाचा तक्ता होता, श्रेणी होती. पण लिपी कुठल्या अवजाराने घडली, धार म्हणजे काय, डावखुऱ्या मुलाला कसं बसवायचं, यावर एकही तास नव्हता. ज्याला अवजार माहीत नाही असा शिक्षक शेरा देऊ शकतो, मदत देऊ शकत नाही. आणि शेरा फुकट असतो, म्हणून तो भरपूर वाटला जातो.

त्या शेऱ्याचा मार कोणावर बसतो, तेही बोलू. ज्या घरात आजोबा लिहीत होते, वडील लिहितात, तिथलं मूल कसंही वळण घेऊन सावरतं. ज्या घरात लिहिणारी पहिली पिढी म्हणजे हेच मूल, त्याला अक्षर दाखवणारं शाळेशिवाय कोणी नसतं. माझ्या वर्गात अशी मुलं पुष्कळ आहेत. मराठी माध्यमाची, उर्दू माध्यमाची, हिंदूंची, मुसलमानांची, बौद्धांची. त्यांच्या वहीवरचा ‘गलिच्छ अक्षर’ हा शेरा हळूहळू अक्षरापुरता राहत नाही. मूल उत्तर लहान लिहायला लागतं. येत असलेलं उत्तरही दोन ओळींत संपवतं, कारण जास्त लिहिलं तर जास्त घाण दिसेल. मग आपण म्हणतो, याला अभिव्यक्ती नाही.

म्हणून माझ्या मागण्या थोड्या आहेत आणि त्यांतल्या एकीलाही मोठं अनुदान लागत नाही. मराठी आणि उर्दू दोन्ही माध्यमांच्या शाळांत आठवड्याला एक तास बोरूचा असावा. दोन्ही वर्ग एकत्र बसले तर अधिक बरं, एकमेकांची लिपी उलट्या दिशेने जाताना पाहणं हाही धडाच आहे. बी.एड. आणि डी.एड.च्या अभ्यासक्रमात फलकलेखनाच्या शेजारी अवजाराची ओळख यावी. डावखुऱ्या मुलाचा हात बदलणं बंद व्हावं. देशी पेन बनवणाऱ्यांनी देवनागरीच्या आणि उर्दूच्या कापाची स्वस्त, ०.६ ते ०.८ची निब बाजारात आणावी आणि डब्यावर लिपीचं नाव छापावं. आणि हस्ताक्षराचे क्लास चालवणाऱ्यांनी फी घेण्याआधी पालकांना एवढंच सांगावं, की ही निब कुठल्या लिपीची आहे. तेवढ्याने अर्धे फलक आपोआप उतरतील.

राहता राहिले आम्ही शिक्षक. आम्हाला कोणाच्या आदेशाची वाट पाहायचं कारण नाही. पुढच्या वेळी ‘अक्षर सुधारा’ लिहायला लाल पेन उचललं, की ते खाली ठेवावं, त्या मुलाच्या हातातलं पेन मागून घ्यावं आणि त्याच वहीत, त्याच बाकावर बसून, स्वतः दोन ओळी लिहून पाहाव्यात. जमल्या तर शेरा खुशाल द्यावा.